म्हणींचा उगम शिकविताना

म्हण पाठ करून घेणे सोपे असते. ती कोठून आली हे सांगणे तितके सोपे नाही. मुले मात्र तेच प्रथम विचारतात. अशा वेळी ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून सांगितली गेली, तर ती मुलाच्या मनात कायमची इतिहास होऊन बसते. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी म्हणी व वाक्प्रचार शिकविताना उगमाचे पुढील तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

(१) डोळ्यांनी पडताळता येणारा उगम : ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण घ्यावी. पळसाच्या एका देठाला तीन पाने असतात. झाड कोकणातले असो वा विदर्भातले. कोठेही गेले तरी परिस्थिती तीच, हा अर्थ त्यातूनच निघाला. मुलांना शिवारात नेऊन चार-पाच झाडांची पाने मोजावयास लावावीत व अर्थ त्यांनाच काढू द्यावा.

(२) इतिहास व परंपरा यांचे मिश्रण : ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार सर्वांस परिचित आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस दोषी ठरविले, हा इतिहास होय. रघुनाथरावांच्या चिठ्ठीतील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही परंपरेने चालत आलेली हकीकत होय. फळ्यावर दोन रकाने आखून ही वाक्ये वेगवेगळी लिहावीत. एका स्त्रीवरील खुनाचा आरोप यात आहे. तो सांगताना ‘असे म्हणतात’ हे शब्द गाळू नयेत. एका अक्षराने अनर्थ होतो, हा बोध त्यामुळे उणा होत नाही.

(३) मागाहून जोडलेला उगम : पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, त्या दिवशी संक्रांत होती, म्हणून ‘संक्रांत कोसळणे’ असे म्हणू लागले, असे सांगण्यात येते. परंतु मकरसंक्रांत सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीस होती. मग १७६१ साली ती १४ तारखेस कशी असेल? हे गणित वरच्या वर्गातील मुलांकडूनच करवून घ्यावे. संक्रांतीस देवता कल्पून तिच्या वाहनावरून व वस्त्रांवरून वर्षाचे बरेवाईट फल सांगण्याची पंचांगांची जुनी प्रथा आहे. या वाक्प्रचाराचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने घरातील वडीलधाऱ्यांकडून एक म्हण मिळवावी आणि ती कोणी सांगितली, तिचा अर्थ काय व उगम कोणता सांगितला, हे वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी वर्गाने मिळून ती वरीलपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवावे. एखादीचा उगम ठाऊक नसल्यास शिक्षकाने तसे मोकळेपणी सांगावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. उलट, पुराव्यावाचून विधान करू नये, हा धडा मुलांस त्याच्या आचरणातूनच मिळतो.