पट्टा कोणाच्या हातात?

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. तू रॉटवायलरच्या नर पिल्लासाठी विसार देऊन आलास आणि पिल्लू पाच आठवड्यांचं आहे, असं ती म्हणाली. ऐकल्यापासून मला चैन नाही. खोटं असेल तर आनंदच आहे. खरं असेल तर हे पत्र वाचून होईपर्यंत बाकीचे पैसे देऊ नकोस.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा केंद्र सरकारचा 2017 चा नियमच आहे. आईजवळ नि भावंडांत खेळतानाच पिल्लाला कळतं की आपले दात कितपत लागतात. विकणाऱ्याला तेवढा धीर नसेल, तर त्याने आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले असतील यावर माझा विश्वास नाही. तू पिल्लाची आई पाहिलीस का? ती परक्या माणसाशी कशी वागते, ते पाहिलंस का? नुसता मोबाइलवरचा फोटो पाहून विसार देणारा तू नाहीस, म्हणून विचारते.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. रात्रपाळी नसली की तू आणि सूनबाई सकाळी सातला चाकणला कामाला निघता, परतायला आठ वाजतात. दिवसभर घरात वहिनी आणि तुमची चिऊ. वहिनींचा गुडघा बदललेला, चिऊ तीन वर्षांची. रॉटवायलरचा नर पन्नास किलोपर्यंत भरतो. दुपारी फाटकाशी कोणी आलं आणि तो उठला, तर पट्टा कोण धरणार?

मी त्या जातीची वैरी नाही. जर्मनीतल्या रॉटवाइलच्या खाटकांनी गुरं बाजारात हाकायला आणि मांसाच्या गाड्या ओढायला ती वापरली. रेल्वे आल्यावर ते काम गेलं, पुढे पोलिसांनी तिला हाताशी धरलं. शांत, विचारी, घरच्या माणसांना चिकटून राहणारा कुत्रा. पण गुरं हाकणाऱ्याची सवय अंगात आहे. तो छातीने, खांद्याने ढकलतो, लाडात आला तरी ढकलतो. आपल्या ओट्याला कठडा नाही, आणि चिऊ दिवसभर तिथेच खेळते. मे महिन्यातल्या नारायणगावच्या उन्हात त्या काळ्या जड अंगाचं काय होईल, तेही बघ. शिवाय त्याचं आयुष्य नऊ-दहा वर्षांचं, आणि हाडाचा कर्करोग या जातीत बराच आढळतो.

केंद्राने मार्च 2024 मध्ये 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं, त्यात रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं. एखादी जातच्या जात वाईट असते हे मलाही पटत नाही. माझं म्हणणं तुमच्या घरापुरतं आहे.

तुझ्या मनात दुसरा जर्मन शेफर्ड होता ना? आबा ज्याला शेवटपर्यंत अल्सेशियनच म्हणत. 1899 मध्ये कॅप्टन फोन श्टेफानिट्झ यांनी ही जात नावारूपाला आणली ती मेंढपाळांच्या कुत्र्यांतून. कुंपण नसलेल्या शेताच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालायच्या आणि मेंढी पिकात जाऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. म्हणून तो सतत माणसाकडे बघतो, पुढे काय करू म्हणून. मादी बावीस ते बत्तीस किलोंची, वहिनींना बसल्या जागेवरून आवाजाने आवरता येईल अशी. मात्र तिला काम दिलं नाही तर ती स्वतः शोधते: पळणाऱ्या पोरांच्या टाचा धरेल, पानाच्या आवाजालाही भुंकेल. केस वर्षभर गळतील, आणि पावसाळ्यात रोज गोचीड बघावे लागतील.

आणि बिबट्याचं. उसात बिबट्या आहे म्हणून कुत्रा आणायचा, हे ऐकून मला धडकीच भरली. बिबट्या कुत्रा उचलायलाच वस्तीत येतो, हे आपल्या जुन्नर तालुक्यात पोरासोरांना ठाऊक आहे. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा, मग तो कोणत्याही जातीचा असो, आमिष म्हणून ठेवल्यासारखा. चाहूल लागली की भुंकणं एवढंच त्याचं काम, तेही घरातून. दिवा लावायचा तो तू.

शेरू तुला आठवायचा नाही, तुझ्या जन्माआधीचा. मी त्याला इतकं माझ्या आवाजावर वाढवलं की तो आबांचंही ऐकेना. मी पुण्याला शिकायला गेले आणि तो दिवसभर साखळीला राहिला. भुंकून भुंकून त्याचा आवाज बसला, असं दादाने, तुझ्या बाबाने, पत्रात लिहिलं होतं. परीक्षा आहे म्हणून मी त्या सुट्टीत आलेच नाही. पुढच्या खेपेला आले तेव्हा साखळी होती, शेरू नव्हता. आजही कुणाच्या दारात दिवसभर बांधलेला कुत्रा दिसला की मी रस्ता बदलते. म्हणून पुन्हा पुन्हा विचारते, रागावू नकोस: दिवसा त्याच्याजवळ कोण?

तू हौसेपायी हे करत नाहीस, मला माहीत आहे. दादा गेल्यापासून तुझी रात्रपाळी असली की तिघींपैकी कोणालाच झोप नसते आणि तुझं कामात लक्ष नसतं. वहिनींनी गोठ्यामागे बिबट्या पाहिला त्या रात्री तू मला दीड वाजता फोन केलास, तेव्हा तुझा आवाज लहानपणी ताप चढायचा तेव्हा असायचा तसा झाला होता. घरच्यांसाठी इतका घाबरतोस, यात दादाच दिसतो मला.

विसाराचे पैसे बुडाले तर बुडू देत, मी देईन. आठ आठवडे पुरे झालेली शेफर्डची मादी बघ, तिची आई बघून. पिल्लू आणायच्या आदल्या दिवशी मी येते आणि पहिले दोन-तीन महिने तिथेच राहते. इथे माझं अडलंय कुणाचं? वहिनी आणि मी मिळून तिला शिकवू, म्हणजे ती एकट्या कोणाचीच होणार नाही. नाव चिऊला ठेवू दे. माझी खोली आवरण्याच्या भानगडीत पडू नका, मी वहिनींजवळच झोपेन. आणि रात्रपाळीला डबा नेत जा रे, मागच्या वेळी फार वाळलेला दिसलास.

तुझी,
आत्या