घटक ४ : दुःखाचा स्वीकार आणि अन्यायाला प्रश्न – चोखामेळा परिवाराची अभंगवाणी

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• चोखामेळा व त्यांच्या परिवाराच्या अभंगरचनेची पार्श्वभूमी सांगता येईल.
• दुःखाचा 'स्वीकार' आणि दुःखाचे 'समर्थन' यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• एकाच कुटुंबातील वेगवेगळ्या कवींनी वेदनेला दिलेले वेगवेगळे प्रतिसाद ताडून पाहता येतील.
• या काव्याविषयी आधुनिक काळात घेतलेल्या आक्षेपांची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण संत नामदेवांच्या अभंगांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्यांच्याच प्रभावळीतील संत चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या पाच कवींचा विचार करावयाचा आहे. या सर्वांच्या काव्याचा एक मध्यवर्ती प्रश्न आहे : जे आयुष्य वाट्याला आले ते संपूर्ण, त्यातील दुःखासह, आपलेसे करता येते काय? आणि तसे करणे म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे होते काय?

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. यंत्रमागावरची पाळी संपवून, विड्या वळून झाल्यावर किंवा शेतातून परतल्यावर रात्री हे पुस्तक उघडणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तो स्वतःच्या आयुष्यातही कधी ना कधी पडलेला असेल. म्हणून येथे केवळ उत्तरे पाठ न करता प्रश्न नीट समजून घ्यावा, ही अपेक्षा आहे.

४.२ विषय विवेचन

४.२.१ भूमी आणि काळ

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे गाव चोखामेळ्यांची कर्मभूमी होय. पंढरपूर तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. मंगळवेढ्याला संतांची भूमी म्हणतात. दामाजीपंत आणि कान्होपात्रा ही नावेही याच गावाशी जोडलेली आहेत. चोखामेळा हे तेराव्या-चौदाव्या शतकातील, नामदेवांचे समकालीन. जन्माने महार असल्यामुळे ज्या विठ्ठलाची त्यांनी आयुष्यभर भक्ती केली त्याच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. गावाची पडेल ती कामे करणे, मेलेली गुरे ओढणे, उष्ट्यावर निर्वाह करणे आणि वाटेत कुणाला विटाळ होऊ नये म्हणून दूर सरणे, हे त्यांचे सामाजिक वास्तव होते.

त्यांचा अंतही याच वास्तवात झाला. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून इतर मजुरांसमवेत चोखोबांचा मृत्यू झाला. हे वर्ष शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ होय. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे नामदेवांनी ओळखले, अशी परंपरेतील कथा आहे. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा अर्थ महत्त्वाचा आहे : ढिगाऱ्याखाली सर्व मजुरांची हाडे सारखीच होती, वेगळे होते ते त्या माणसाने आयुष्यभर जपलेले नाम.

४.२.२ 'स्वीकार' या संकल्पनेची तीन अंगे

चर्चेच्या सोयीसाठी आपण 'स्वीकार' या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करू.

(अ) वास्तवाची कबुली : 'हे असे आहे' असे डोळे उघडे ठेवून म्हणणे. दुःख नाकारावयाचे नाही, झाकावयाचे नाही.
(आ) दुःखाला जीवनात स्थान देणे : वेदनेसह जगणे अर्थपूर्ण करणे.
(इ) दुःखाचे समर्थन : 'हे असेच असावयास हवे, ते योग्यच आहे' असे मानणे.

पहिले दोन अर्थ तिसऱ्याकडे घेऊन जातातच, असे नाही. गौतम बुद्धांच्या चार आर्यसत्यांपैकी पहिले सत्य 'दुःख आहे' हे आहे. परंतु विवेचन तेथे थांबत नाही. दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्याचा मार्ग आहे, असे ते पुढे जाते. म्हणजे येथे कबुली ही शरणागती नसून चिकित्सेची पहिली पायरी आहे. रोग मान्य केल्यावाचून औषध घेता येत नाही.

पाश्चात्त्य विचारातही हा विषय आढळतो. रोमन साम्राज्यात गुलाम म्हणून आयुष्याचा काही काळ काढलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने आपल्या हाती असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींचा विवेक शिकविला. जर्मन विचारवंत नीत्शे याने १८८२ मध्ये 'अमोर फाती', म्हणजे 'नियतीवर प्रेम', ही कल्पना मांडली : जे अटळ आहे ते केवळ सोसावयाचे नाही, तर त्यावर प्रेम करावयाचे. आपल्याकडे तुकारामांनी १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात व्यापार, मान आणि पत्नी गमावली. पुढे याच आपत्तीबद्दल त्यांनी अभंगात देवाचे आभार मानले. मात्र दुष्काळ आणि अस्पृश्यता यांत एक मूलभूत फरक आहे. पाऊस कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही; देवळाचे दार मात्र माणसे बंद करतात. चोखोबांचे काव्य नेमके या फरकाच्या सीमारेषेवर उभे आहे.

आकलनासाठी प्रश्न १
१. चोखामेळ्यांचा मृत्यू कोठे व कसा झाला?
२. वास्तवाची कबुली आणि दुःखाचे समर्थन यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४.२.३ चोखामेळा : शरणागती आणि तक्रार

चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आढळतात. त्यांत प्रामुख्याने तीन सूर ऐकू येतात. पहिला सूर शरणागतीचा. काही अभंगांत ते आपला जन्म पूर्वकर्माचे फळ मानतात. 'जोहार' प्रकारच्या रचनांत तर महाराने धन्याला करावयाचा नमस्कारच ते भक्तिरूपकात वापरतात : देव धनी, आपण त्याच्या दारचे चाकर. गावाने ज्या शब्दाने त्यांना खाली ठेवले त्याच शब्दाने ते थेट देवाशी नाते जोडतात.

दुसरा सूर बाह्य रूपापेक्षा अंतरंग श्रेष्ठ मानण्याचा. ऊस वेडावाकडा असला तरी रसाची गोडी सरळच असते, असा त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगाचा आशय आहे. ही स्वतःच्या जन्माची क्षमायाचना नव्हे, पाहणाऱ्याच्या दृष्टीची चूक दाखविणे आहे.

तिसरा सूर तक्रारीचा. देवाच्या गळ्यातील हार चोरल्याचा आळ घेऊन बडव्यांनी आपल्याला मारले, तेव्हा धावून ये, असा आक्रोश त्यांनी केला आहे. विटाळाच्या कल्पनेचाही ते समाचार घेतात : देहच विटाळातून घडतो, तर सोवळा कोण? लक्षात घ्या, हे तिन्ही सूर एकाच कवीचे आहेत. त्यांतील एकच निवडून 'चोखामेळा नम्र होते' किंवा 'चोखामेळा बंडखोर होते' असे उत्तर लिहिणे म्हणजे अर्धेच उत्तर लिहिणे होय.

४.२.४ सोयराबाई आणि निर्मळा : घरातले दुःख

सोयराबाई अभंगांत स्वतःचा उल्लेख बहुधा चोखोबांची पत्नी म्हणूनच करतात. परंतु त्यांचे दुःख स्वतंत्र आहे. घरातील दारिद्र्य, अपत्याची ओढ, बाळंतपणाची काळजी हे विषय त्यांच्या अनुभवविश्वातले आहेत. त्या अडल्या असताना विठ्ठल नणंद निर्मळेचे रूप घेऊन बाळंतपण करण्यास आला, अशी कथा सांगितली जाते. विटाळाच्या भीतीने ज्या घरात कोणी पाऊल ठेवीत नसे, त्या घरात, तेही सोयराच्या दिवसांत, देव येतो. ही कथा रचणाऱ्या लोकमानसाने विटाळाच्या नियमाला दिलेले हे उत्तरच आहे.

देव आणि भक्त यांच्यात भेद उरला नाही, अशा ऐक्याचा अनुभवही सोयराबाईंनी शब्दबद्ध केला आहे. येथे जीवनाचा स्वीकार सर्वांत उंच पातळीवर पोहोचतो. आणि याच सोयराबाई विटाळाविषयी रोखठोक तर्क करतात : देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग तो नसलेला देह दाखवा. संपूर्ण स्वीकार आणि स्पष्ट प्रश्न एकाच मनात नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. निर्मळा यांच्या अभंगांत संसाराचा शीण आणि वडील बंधू चोखोबांविषयीचा गुरुभाव आढळतो. बंका यांची वाणी अधिक शांत, नामपर आहे.

४.२.५ कर्ममेळा : मुलाचा नकार

पुढच्या पिढीत सूर बदलतो. कर्ममेळा देवालाच जाब विचारतात. आम्हांला हीन जातीत जन्म दिलास, आयुष्यभर उष्टे खाण्याची पाळी आणलीस, याची तुला लाज कशी वाटत नाही, असा त्यांच्या एका अभंगाचा आशय आहे. वडिलांनी जे पूर्वकर्म म्हणून सोसले, त्याची जबाबदारी मुलगा स्वतःवर घेत नाही. ती देवावर टाकतो. तरीही तो देवाकडे पाठ फिरवीत नाही. भांडण त्याच्याशीच आहे, कारण नातेही त्याच्याशीच आहे.

आकलनासाठी प्रश्न २
१. 'जोहार' रचनांतील भक्तिरूपक स्पष्ट करा.
२. चोखामेळा आणि कर्ममेळा यांच्या भूमिकांतील मुख्य फरक सांगा.

४.२.६ आधुनिक काळातील आक्षेप

चोखोबांच्या समाधीपलीकडे जाण्यास अस्पृश्य मानलेल्या भाविकांना पुढेही शतकानुशतके मनाई राहिली. म्हणजे ज्या संताची समाधी महाद्वारासमोर आदराने उभी होती, त्याच्या समाजासाठी तीच समाधी सीमा ठरली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांच्या मृत्यूला तोवर सहा शतके उलटली होती.

येथून आक्षेप उभा राहतो : संतांच्या भक्तीने माणसाला बळ दिले, पण व्यवस्था बदलली नाही, उलट 'चोखोबांनी सोसले, तुम्हीही सोसा' असे सांगण्यास त्यांचा उपयोग झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांत या मर्यादेची स्पष्ट जाणीव आहे. देवासमोर सारे समान आहेत असे म्हटल्याने समाजात समता येत नाही, हे त्यांनी ठामपणे मांडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मात्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हेही विसरून चालणार नाही. मार्गाची मर्यादा दाखविणे आणि त्या मार्गाने गेलेल्या माणसाचा आदर करणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. चिकित्सक वाचकाने घ्यावयाचा धडा तो हाच.

दुःखाच्या स्वीकाराचा उपदेश कोण कोणाला करतो, हा प्रश्न म्हणूनच निर्णायक ठरतो. चोखोबांनी स्वतःच्या आयुष्याला 'हे माझे आहे' म्हटले, तर ते सामर्थ्य आहे. दार बंद करणाऱ्याने बाहेर उभ्या असलेल्याला 'स्वीकार कर' म्हटले, तर ते क्रौर्य आहे. शब्द एकच, पण बोलणारा बदलला की अर्थ उलटा होतो.

४.३ सारांश

चोखामेळा परिवाराने दुःख लपविले नाही, की ते योग्य आहे असेही सरसकट म्हटले नाही. चोखोबांच्या वाणीत शरणागती, अंतरंगाचा आग्रह आणि तक्रार एकत्र नांदतात. सोयराबाई ऐक्याच्या अनुभूतीबरोबर विटाळाला प्रश्न करतात. कर्ममेळा देवाला जाब विचारतात. अटळ दुःख स्वीकारावे, माणसाने निर्मिलेल्या दुःखाचे वास्तव ओळखून त्याला प्रश्न करावा, आणि या दोहोंतील फरक ओळखण्याची दृष्टी कमवावी, हे या काव्याचे आजच्या वाचकाला होणारे मुख्य साह्य आहे.

४.४ शब्दार्थ

गावकूस : गावाभोवतीची तटभिंत. विटाळ : स्पर्शाने येते असे मानलेली अपवित्रता. जोहार : महार समाजात पूर्वी रूढ असलेला नमस्काराचा शब्द. बडवे : विठ्ठलमंदिरातील पूर्वीचे परंपरागत पुजारी. निरोध : थांबविणे, शमन.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'चोखामेळ्यांचा स्वीकार हा पराभव नव्हे.' या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
२. सोयराबाई व कर्ममेळा यांच्या अभंगांतील विटाळ व जातिविषयक विचारांची तुलना करा.
३. टिपा लिहा : (अ) महाद्वारासमोरील समाधी (आ) साने गुरुजींचे उपोषण.

४.६ उपक्रम

शक्य असल्यास मंगळवेढा किंवा पंढरपूर येथे जाऊन समाधिस्थान पाहा. अन्यथा आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा : आयुष्यातील कोणते दुःख त्यांनी आपले मानले, आणि कोणते कधीच मान्य केले नाही? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत एक पानभर लिहून काढा.