संगणक-सल्लागार क्षेत्र आणि आपल्या मुली

20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे भरलेल्या दलित महिला परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समाजाची प्रगती मोजण्याचे माप आपल्यापुढे ठेवले. त्या समाजातील स्त्रिया किती पुढे गेल्या, हेच ते माप. लग्नाची घाई करू नये आणि पत्नीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असेही त्यांनी तेथे जमलेल्या हजारो भगिनींना सांगितले. त्या मापाने आज आपण कोठे आहोत? जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांत शिक्षिका, परिचारिका झालेल्या मुली सहज दिसतात. संगणक अभियंताही दिसू लागल्या आहेत. परंतु अभियंता झालेली मुलगी दहा वर्षांनी कोठे पोहोचते, हे आपण विचारीत नाही.

प्रथम हे सल्लागाराचे काम काय असते ते पाहू. एखादी बँक, कारखाना किंवा इस्पितळ आपला कारभार संगणकावर नेण्याचे ठरवते. त्यासाठी बाहेरची कंपनी आपली माणसे पाठवते. ती माणसे तेथील कर्मचाऱ्यांजवळ बसून काम कसे चालते, सही कोण करतो, कागद कोठे अडतो, हे विचारतात. मग योग्य ती प्रणाली निवडतात, जुना हिशोब नव्यात आणतात, सर्वांना शिकवतात आणि गाडी रुळावर येईपर्यंत तेथेच मुक्काम करतात. म्हणजे निम्मे काम संगणकाचे आणि निम्मे ऐकून घेण्याचे व समजावून सांगण्याचे. (मी कला शाखेचा पदवीधर असल्याने हे दुसरे निम्मे मला अधिक कळते!)

2006 साली आमच्या शाखेतील खाती मध्यवर्ती संगणकाला जोडली गेली, तेव्हा अशीच तिघांची तुकडी आली होती. प्रमुख होती एक पंचविशीतील मुलगी. आम्ही मात्र प्रत्येक अडचण तिच्या हाताखालच्या मुलालाच विचारीत होतो. मीही त्यातलाच. तिसऱ्या रात्री एका खात्याची बाकी जुळेना. मुले पडद्यावर शोधत बसली. ती मात्र उठून आमच्या जुन्या लेजरकडे गेली आणि व्याजाची नोंद आपण कोणत्या दिवशी करता, हे तिने शिपायासह सर्वांना विचारले. चूक आमच्या पद्धतीत निघाली. साडेअकराला बाकी जुळली. दुसऱ्या दिवसापासून सर्वजण तिलाच विचारू लागले.

या क्षेत्रातील स्त्रीचा विचार करताना श्रीमती सुधा मूर्ती यांचे उदाहरण पुण्याचे, म्हणजे आपल्या जवळचे आहे. 1974 साली त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना त्यांनी टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत छापले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून या भेदभावाचा जाब विचारला. मुलाखतीला बोलावणे आले, निवड झाली, आणि टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात पहिली स्त्री अभियंता रुजू झाली.

हा भाग आपण व्याख्यानांत नेहमी ऐकतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. 2 जुलै 1981 रोजी पुण्यात ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स’ या नावाने कंपनी नोंदली गेली. भांडवलासाठी 10,000 रुपये सुधाताईंनी आपल्या बचतीतून दिले. संस्थापक सातही पुरुष. पती-पत्नीपैकी एकानेच कंपनीत राहावे असे श्री. नारायण मूर्तींचे मत होते. त्या बाहेर राहिल्या. तसे करण्यात आपली चूक झाली, हे नारायण मूर्तींनी 2024 साली जाहीरपणे मान्य केले. टाटांना जाब विचारणाऱ्या स्त्रीलाही घरातला निर्णय असा पडला, तर आपल्या मुलींचे काय होत असेल?

आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे. 1990 साली केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या व केंद्राच्या नोकऱ्यांचे दार आपल्याला उघडले. या खाजगी कंपन्यांत मात्र आरक्षण नाही. शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेच्या आधाराने मुलगी पदवीपर्यंत जाते; पुढे मुलाखतीत तिला बोलावे लागते. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि मुलाखत इंग्रजीत! यावर एक साधा अभ्यास सुचवितो. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका मुलीने उभे राहून रेशन दुकानाचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. इतरांनी शंका विचाराव्यात. सल्लागाराचे काम याहून फार वेगळे नसते.

प्रसूती रजा 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची झाली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. मुलींनी हे पाठ करून ठेवावे. परंतु बैठकीत घातलेल्या अटीविरुद्ध कायदा नाही.

माझ्या भाचीचेच सांगतो. धुळ्यात अभियांत्रिकी केले, पुण्यात नोकरी लागली. चौथ्या वर्षी तिला आठ महिन्यांसाठी चेन्नईला ग्राहकाच्या कारखान्यात जाण्यास सांगण्यात आले. परत आल्यावर तुकडीचे प्रमुखपद मिळणार होते. त्याच महिन्यात स्थळ आले. मुलीने पुण्याबाहेर जाऊ नये, अशी मुलाकडच्यांची अट. मी मामा म्हणून बैठकीला होतो. चहा घेतला आणि गप्प बसलो. ती गेली नाही. जो गेला तो आज तिचा वरिष्ठ आहे. ‘मामा, तुम्ही तरी बोलायला हवे होते,’ असे ती एकदाच म्हणाली.

यंदा धाकटीला हैदराबादचे काम आले आणि तिचीही बोलणी सुरू झाली. या खेपेस सुपारीचा विषय निघण्याआधी मीच विचारले, ‘मुलगी सहा महिने बाहेरगावी जाईल, पुढेही जाईल. आपली तयारी आहे का?’ मुलाचे वडील मुलाकडे पाहू लागले. थोड्या वेळाने त्याची आई म्हणाली, ‘पहिले दोन महिने मी जाईन तिच्यासोबत. मलाही हैदराबाद पाहायचे आहे.’