स्वयंचलित कामाचा आरंभ

अलीकडे पुष्कळ बागाइतदारांच्या मळ्यांत पंप, वॉल्व्ह व खतटाकी यांचीं कामें सॉफ्टवेअरच्या हुकुमानें चालूं लागलीं आहेत. पंप सुरू करणें, ठराविक वॉल्व्ह उघडणें, खत सोडणें, नळ्या धुणें व शेवटीं पंप बंद करणें, अशी एकामागून एक लावून दिलेली कामांची सांखळी म्हणजे कार्यमालिका होय. ती केव्हां सुरू व्हावी हें मात्र यंत्रास आपणच सांगावें लागतें. ह्या आरंभाच्या कारणास ट्रिगर, म्हणजे चाप, म्हणतात. मालिका कितीहि उत्तम असली तरी चाप भलत्या वेळीं ओढला गेला, तर पाणी, वीज व पीक या तिहींचें नुकसान होतें. चापाचे मुख्य प्रकार चार आहेत.

(१) हाताचा चाप.— मालकानें कळ दाबली किंवा मोबाइलवरून आज्ञा दिली म्हणजे काम सुरू होतें. नवी मालिका प्रथम कांहीं दिवस ह्याच रीतीनें, जवळ उभें राहून, चालवून पाहावी.

(२) घड्याळाचा चाप.— १९७० च्या दशकांत युनिक्स प्रणालींत आलेला ‘क्रॉन’ हा ह्या प्रकारचा जुना व अद्याप वापरांत असलेला कार्यक्रम होय. त्यास वेळ पांच रकान्यांत सांगतात: मिनिट, तास, तारीख, महिना व वार. ‘३० ५ * * १’ म्हणजे दर सोमवारीं पहांटे साडेपांच. तारकेचा अर्थ ‘कोणताहि’. दूरच्या संगणकावरील पुष्कळ सेवा जागतिक प्रमाणवेळ धरतात, व ती आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें असते. तेथें पहांटे ५ ची वेळ लिहिल्यास पाणी आपल्याकडे सकाळीं साडेदहा वाजतां सुटेल. शिवाय घड्याळास पाऊस कळत नाहीं. आणि नियंत्रक बंद असतां वेळ टळली, तर साधा क्रॉन तें काम मागाहून करीत नाहीं. ती पाळी बुडते.

(३) घटनेचा चाप.— जमिनींतील ओलावा ठराविक आंकड्याखालीं गेला, कीं मापकाच्या सूचनेवरून पाणी सुरू होतें. येथें एकच आंकडा ठेवल्यास ओलावा त्याच्या आसपास खालींवर होऊन पंप वारंवार चालूबंद होतो. म्हणून सुरू होण्याचा आंकडा खालचा व थांबण्याचा वरचा, असे दोन ठेवावे. काळ्या जमिनीचे आंकडे मुरमाड जमिनीस लावूं नयेत.

वीज परत येणें हीहि एक घटनाच. ऑटो स्विच लावलेला पंप वीज येतांच आपोआप सुरू होतो. परंतु एका रोहित्रावरील सर्व पंप त्याच क्षणीं सुरू झाले म्हणजे त्यावर एकदम भार पडून तें जळण्याचा संभव असतो. ह्याच कारणास्तव ऑटो स्विच वापरूं नये, अशी विनंती महावितरणनें शेतकऱ्यांस वेळोवेळीं केली आहे. संगणकांतहि हेंच घडतें: सर्वांनीं आपलीं कामें ठोक्याला लावलीं म्हणजे गर्दी होते व कांहीं कामें रेंगाळतात. आरंभ थोडा मागेंपुढें करणें हाच दोन्हीकडे उपाय होय.

(४) निरोपाचा चाप.— एक कार्यक्रम दुसऱ्यास इंटरनेटवरून स्वतः निरोप धाडतो व मालिका सुरू होते. ह्यास वेबहुक म्हणतात. दर दहा मिनिटांनीं विचारपूस करण्यापेक्षां ही रीत काटकसरीची आहे. परंतु पत्ता ठाऊक झालेला कोणीहि असा निरोप धाडूं शकतो. यासाठीं गुप्त किल्लीवांचून आलेला निरोप यंत्रानें नाकारावा, अशी तजवीज असावी. मोबाइलवर चालणाऱ्या स्टार्टरमध्यें नोंदलेल्या क्रमांकांचीच आज्ञा मानली जावी, याचें कारणहि हेंच.

कोणताहि चाप असो, यंत्र घेण्यापूर्वीं विक्रेत्यास चार गोष्टी विचाराव्या. पहिली पाळी चालू असतां चाप पुन्हां ओढला गेल्यास काय होईल? असा बंदोबस्त नसेल तर खताची मात्रा दुप्पट पडते. विहिरींत पाणी नसतां पंप थांबेल काय? आरंभाची व शेवटाची नोंद राहते काय? सर्व बिघडल्यास हातानें बंद करतां येतें काय? ह्या चारहि प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळाल्यावांचून मळा यंत्राच्या स्वाधीन करूं नये.