मारुती व्हॅनचा मॅनिफोल्ड बदलताना : कंपनीचा की लोकल?

कापडाचे तागे, तयार कपड्यांचे गठ्ठे, सुताच्या गोण्या वाहणाऱ्या लहान व्यापाऱ्याच्या दारात मारुतीची ओम्नी व्हॅन आजही उभी दिसते. १९८४ साली आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, परंतु जुन्या गाड्या अद्याप धंद्यात आहेत. अशा गाडीच्या टायर-बॅटरीकडे मालकाचे लक्ष असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र फुटल्याशिवाय कोणाला आठवत नाही. इंजिनाच्या तीन सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा हा बिडाचा भाग होय. तो बदलण्याची पाळी आली म्हणजे बाजारात चार प्रकारचा माल दाखवतात आणि दुकानदार चमकणारा माल आधी पुढे करतो. आम्ही कापडवाले, मेस्त्री नव्हे. पण गाडी आमच्या पैशाने चालते, म्हणून माल पारखणे आम्हाला भाग आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. मॅनिफोल्डला तडा गेला अथवा त्याचे पॅकिंग जळाले, तर वायू ड्रायव्हरच्या अगदी जवळ गळतो. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तेव्हा “धुराचा वास येत नाही, म्हणजे सर्व ठीक आहे” असे समजणे धोक्याचे आहे. थंडीच्या दिवसांत काचा बंद करून पहाटे माल घेऊन निघालेल्या माणसाचे डोके दुखू लागते, मळमळते, गुंगी येते आणि तो म्हणतो, रात्रीची झोप झाली नाही. आमच्या माहितीतल्या एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर कित्येक दिवस डोकेदुखीच्या गोळ्या खात होता. सीट उचलून पाहिले तेव्हा मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा सापडला. अशी लक्षणे दिसताच गाडी थांबवून, इंजिन बंद करून, मोकळ्या हवेत यावे. दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा.

गळती ओळखणे अवघड नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करताच टक्-टक् असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो, कारण लोखंड फुगून फट मिटते. मेस्त्रीकडे गाडी नेईपर्यंत इंजिन गरम झालेले असते, आवाज बंद झालेला असतो आणि मेस्त्री म्हणतो, काही नाही. म्हणून अशी गाडी रात्री त्याच्याकडेच ठेवून सकाळी त्याच्यासमोर सुरू करवावी.

आता पर्याय पाहू. पहिला म्हणजे फुटलेल्या बिडाला वेल्डिंग. बिडाला वेल्डिंग होते, परंतु त्याकरिता तुकडा आधी सावकाश तापवावा लागतो, निकेलची काडी लागते आणि नंतर तितकाच सावकाश थंड करावा लागतो. रस्त्याकडेच्या दुकानात साध्या काडीने जोडलेला तडा थोड्याच दिवसांत टाक्याच्या शेजारून पुन्हा उघडतो.

दुसरा पर्याय, जुना पण कंपनीचा मॅनिफोल्ड. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. आमच्या मते लहान व्यापाऱ्याने प्रथम हाच पाहावा. माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात, तशीच ही पारख आहे : मॅनिफोल्ड तारेला टांगून त्यावर हातोडीने हलका ठोका द्यावा. अखंड बीड खणखणीत वाजते, तडा असलेले बसक्या आवाजात बोलते. नंतर सिलिंडरला चिकटणाऱ्या तोंडांवर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फिलर गेज सरकवावा. ०.१ मिलिमीटरहून जाड पाते आत जात असेल तर तोंड वाकलेले आहे. एवढ्यावरून माल टाकू नये. लेथच्या दुकानात ते तोंड सपाट करून मिळते. मात्र हा खर्च भाव ठरवतानाच दुकानदाराला सांगावा.

तिसरा, नवा लोकल बिडाचा. वरील दोन्ही परीक्षा त्यालाही लावाव्यात आणि आत बोट घालून पाहावे. ओतकामातील वाळू किंवा धारदार काटे हाताला लागले तर तो घेऊ नये.

चौथा म्हणजे नळ्यांचा, ज्याला बाजारात हेडर म्हणतात. “ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढेल” असे याच्याबद्दल सांगितले जाते. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर १८० अंशांनी एक सिलिंडर धूर सोडतो, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याच्या आड येतो आणि नळ्यांच्या लांबीला महत्त्व येते. आपल्या तीन सिलिंडरांच्या ७९६ सीसी इंजिनात हे अंतर २४० अंशांचे आहे. एकाचा धूर बहुतेक निघून गेल्यावर दुसऱ्याचा येतो. म्हणजे हेडर जे काम करणार, त्यातील बरेचसे आधीच झालेले आहे. माल वाहणाऱ्या व्हॅनला त्यातून मिळणारा फायदा हिशेबात धरण्याइतका नाही. आवाज मात्र नक्की वाढतो, कारण पातळ नळी जाड बिडासारखा आवाज दाबत नाही.

तरीही बिडाचा मिळालाच नाही आणि हेडर घ्यावा लागला, तर पुढील गोष्टी पाहाव्यात. नळीच्या पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात. आपल्या सुताच्या काउंटसारखेच हे आहे : आकडा मोठा तितका माल बारीक. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२. दुकानदार मोठा आकडा मोठ्या दिमाखात सांगतो. आपण १६ मागावा. बोल्ट बसणारी पट्टी ८ ते १० मिलिमीटर जाड असावी, पातळ पट्टी तापून वाकते. पॅकिंग त्या पट्टीवर ठेवून भोके जुळवावीत. नळीचे तोंड इंजिनाच्या भोकाहून लहान असेल तर वायूला तेथेच पायरी लागते. टाका वरून कितीही सुबक असो, आतून पाहावा. आत लोंबणारे थेंब नकोत. साडीचा पदर पाहणारा उलटी बाजूही पाहतोच.

“स्टेनलेस आहे” या शब्दावर चुंबक लावून निर्णय करू नये. ३०४ जातीच्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण ४०९ जातीच्या स्टीलला चिकटतो, आणि एक्झॉस्टच्या कामात ४०९ भरपूर वापरतात. तेव्हा जात बिलावर लिहून घ्यावी. साध्या पत्र्यावर क्रोम चढवलेला माल उष्णतेने प्रथम निळा पडतो, मग पापुद्रे सोडतो. हेडरवर काचतंतूंची पट्टी गुंडाळून देण्याचीही रीत निघाली आहे. साध्या पत्र्यावर ती गुंडाळू नये, कारण ती उष्णता आणि ओल दोन्ही धरून ठेवते व पत्रा लवकर खाल्ला जातो. सीटखाली कंपनीचे उष्णतारोधक पत्रे आहेत, तेच जागेवर परत बसवून घ्यावेत.

इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरची जागा पाहणे आवश्यक आहे. सेन्सरच्या अलीकडे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर पेट्रोल कमी पडल्याचे सांगतो आणि इंजिन जास्त पेट्रोल पिते. ॲव्हरेज घटले म्हणून पेट्रोल पंपाला दोष देण्याआधी हे तपासावे. मेस्त्री कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला देईल, तो ऐकू नये. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज व प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्स तीन महिने जाते. लायसन्स गेलेल्या ड्रायव्हरचा तीन महिन्यांचा पगार कोण देणार?

बसवणीबद्दल थोडक्यात. जुने नट खोलण्याच्या आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकावे. तुटलेला स्टड काढण्याची मजुरी कधी कधी मॅनिफोल्डच्या किमतीशी बरोबरी करते. पॅकिंग दर वेळी नवेच घालावे. नट मधल्यापासून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळावेत. गाडी तीन-चार दिवस चालल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, ते पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. ही दुसरी खेप मेस्त्री विसरतो. मजुरीचा शेवटचा हिस्सा तोपर्यंत आपल्याकडे राखून ठेवावा.