तेवढं हॉलचं बघा की

मालिकांमध्ये वीस वर्षं खाष्ट सासू करून मी जे काही नाव कमावलं, ते आठ वर्षांपूर्वी आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळानं आपल्या लेटरहेडवर छापलं. गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मंडळाला 'आश्रयदाता' हवा होता. आता बाईमाणूस म्हटल्यावर आश्रयदाती लिहायचं की आश्रयदात्री, यावर म्हणे अर्धी सभा खर्ची पडली. छापून आलं ते मात्र 'आश्रयदाता'च. पाचशे कागद फुकट कोण घालवणार? अजून तेच चालू आहेत. या आठ वर्षांत मी मंडळाला काय दिलं ते मंडळ सांगेल, न सांगितलं तरी चालेल. माझ्या पदरात काय पडलं ते इथं लिहिते.

1. मला वाटलं होतं पैसे मागतील. मागितली किल्ली. सत्काराला जाताना मी पर्समध्ये चेकबुक टाकलं होतं. मोठेपणाची हौस मलाही काही कमी नाही. शाल, श्रीफळ, भाषण सगळं झालं आणि स्टेजवरून उतरताना मंडळाचे सचिव अण्णा, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, हळूच म्हणाले, "ताई, तेवढं शाळेच्या हॉलचं बघा की." तेव्हा तालमी एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत चालायच्या, तिथंही पावसाळ्यात नाही. शाळेचा हॉल संध्याकाळी सातनंतर मोकळाच असायचा. पण किल्ली शिपायाकडे, शिपाई मुख्याध्यापकांच्या शब्दात, मुख्याध्यापक संस्थेच्या शब्दात. सुदैवानं संस्थाचालकांच्या मातोश्री माझी मालिका बघायच्या. बघायच्या म्हणजे रोज रात्री मला शिव्या घालायच्या. त्यांच्या ओसरीवर बसून एक कप चहा, चार शिव्या समक्ष आणि एक फोटो, एवढ्यावर हॉल मिळाला. मुंबईत सुलभा आणि अरविंद देशपांडे यांच्या 'आविष्कार'नं 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले आणि पुढं त्या साऱ्या धडपडीलाच 'छबिलदास चळवळ' म्हणू लागले, हे मी कितीतरी भाषणांत सांगितलं होतं. एका चळवळीचं नाव शाळेच्या हॉलवरून पडलं, आणि त्याआधी कुणीतरी कुणाकडे हॉल मागायला गेलं असणार, हे मात्र त्या ओसरीवर बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

2. मला अभिनय येतो, हा माझा समज पहिल्याच शिबिरात तिसऱ्या दिवशी गेला. दोन दिवस मी झकास बोलले. भूमिकेत शिरणं, डोळ्यांतून बोलणं, दोन वाक्यांमधली शांतता. पोरं वहीत उतरवून घेत होती. तिसऱ्या दिवशी उसाचा ट्रॅक्टर चालवणारा एक मुलगा म्हणाला, "ताई, एकदा करून दाखवा." मी एका आईचं स्वगत घेतलं. माझ्या मते उत्तम झालं. डोळ्यांत पाणीसुद्धा वेळेवर आलं. संपल्यावर हॉल गप्प. मला वाटलं, भारावले. मग मागच्या भिंतीजवळून अण्णांचा आवाज आला, "ताई, हिकडं काय ऐकू येत न्हाय."

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओरडून केलं, तेव्हा ते भांडण वाटायला लागलं. वीस वर्षं माझ्या पदराआड माईक लपवलेला होता आणि कॅमेरा नाकासमोर. कुजबुजलं तरी घराघरांत पोचायचं. वाक्याचं शेपूट मी कधीचीच गिळायला लागले होते, आणि मराठीत तर क्रियापद शेपटाशीच असतं; आई मुलाला घराबाहेर काढते आहे की घरात बोलावते आहे, हेच मागे कळत नव्हतं. अण्णांनी चाळीस वर्षं मंडळात प्रॉम्प्टिंग केलंय. शिवाय गच्च भरलेल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत आवाज टाकायची नोकरी. त्यांनी मला सांगितलं की शेवटचा शब्द आधीच्या शब्दांपेक्षा मोठ्यानं बोलायचा नाही, नुसता खाली पडू द्यायचा नाही. त्या शिबिराच्या उरलेल्या दिवसांत रोज सकाळी सातला मी त्या रिकाम्या हॉलमध्ये उभी राहायचे आणि अण्णा मागच्या भिंतीला टेकून दात घासत घासत हात वर करायचे. हात वर म्हणजे ऐकू आलं. शिबिराच्या पत्रकावर 'मार्गदर्शक' म्हणून माझंच नाव होतं. फी मी घेतली नव्हती, ते बरं झालं. द्यावी लागली असती.

3. मुली नाटकात का येत नाहीत, यावर माझ्याकडे एक तयार भाषण होतं. ते मी एका मुलीच्या वडिलांना त्यांच्या दुकानात जाऊन ऐकवलं. स्त्रीची भूमिका पुरुषांनी करण्याचा काळ, बालगंधर्व, मग बायका रंगभूमीवर आल्या तो काळ, सगळं. ते सज्जन गृहस्थ गिऱ्हाइकं थांबवून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ते बरोबर हाय ताई. पण नऊ वाजता घरी कोण सोडणार?" पोरगी गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची, अडीच किलोमीटर, वाटेत दिवे नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही एक रिक्षा महिन्यावर ठरवली. पुढच्या शिबिराला सात मुली आल्या. मंडळासाठी माझ्या खिशातून गेलेल्या पैशांपैकी सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा त्या रिक्षाचा, आणि अहवालात तो 'किरकोळ खर्च' या सदरात दाखवलाय. सातांपैकी दोघींची लग्नं ठरली आणि त्या यायच्या थांबल्या. रिक्षानं सगळं सुटतं असं मी म्हणत नाही.

4. मुंबईहून पाहुणा बोलावला की गाव खूश होतं, हे खरं. मीही एका नामांकित दिग्दर्शक मित्राला तीन दिवसांसाठी आणलं. त्यांनी सगळ्यांना वाघ, माकड, झाड व्हायला लावलं. ज्यांनी दिवसभर खरोखरच्या म्हशी वळल्या होत्या, ती मुलं संध्याकाळी मन लावून म्हैस झाली. मित्र गेल्यावर आठवणीत राहिलं ते वेगळंच. मंडपवाल्याकडे काम करणारा एक पोरगा त्या तीन दिवसांत अभिनयाकडे ढुंकूनही बघायला आला नाही. तो दिव्यांच्या मागे होता. फोकस कुठं मारला की चेहरा सपाट दिसतो आणि कुठून मारला की नाक दिसतं, हे त्यानं स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून काढून शोधलं. आज तालुक्यातल्या गॅदरिंगांची प्रकाशयोजना तोच करतो, बिल देऊन. आमच्या 'कलाप्रशिक्षणा'तून पोटाला लागलेला तो पहिला. त्याला आम्ही काही शिकवलं नाही. दिवे त्याच्या हाती दिले, एवढंच.

5. आता एक कबुली. राज्य नाट्य स्पर्धेत आमचं नाटक उतरलं त्या वर्षी प्राथमिक फेरीच्या परीक्षकांपैकी एक माझ्या चांगल्या ओळखीचे निघाले. फोन करायचा म्हणून नव्हे, नुसतं 'आमची पोरं येतायत, बघा हं' एवढं सांगायचं, असं मी स्वतःला समजावत होते. नंबर काढलाही होता. अण्णांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ताई, नंबर आला तर गाव म्हणंल बाईंनी फोन केला. न्हाय आला तर म्हणंल, बाईंचं कोण ऐकतंय. दोन्हीकडनं पोरांच्या हाताला काय लागणार?" मी फोन ठेवला. नंबर आला नाही. परतीच्या टेम्पोत पोरं परीक्षकांना नावं ठेवत होती. मी पण ठेवली, मनापासून. त्या शिव्यांवर माझा निदान तेवढा हक्क शाबूत राहिला होता.

6. पैसे देणाऱ्याचा हात पैसे देऊन रिकामा होत नाही, हे मला पडद्यावरून कळलं. मंडळाला मखमली पडदा घेऊन दिला आणि त्या दिवसापासून तो पडदा माझा झाला. रंग मी ठरवला. घडी कशी घालायची ते मी सांगितलं. पुढं पुढं नाटक कुठलं करायचं, यावरही मला मत फुटायला लागलं. सांगली संस्थानचे चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. त्यातून 1843 साली 'सीतास्वयंवर' झालं. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक नाट्यविषयक भाषणाची सुरुवात इथून होते. मीही करते. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. 1851 मध्ये चिंतामणराव वारले, राजाश्रय गेला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. मुंबईला जाऊन तिकिटावर खेळ लावावे लागले. मराठी नाटक गावोगाव पोचलं ते आश्रयदाता गेल्यावर. हा भाग मी एका 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाच्या भाषणात, जोशात बोलून गेले. समोर मंडळाची सगळी मंडळी बसली होती. कुणीतरी खुदकन हसलं.

पुढच्या वर्षी मी चेक दिला नाही, प्रयोग दिला. कल्पना माझी नव्हे. डॉ. लागू, निळू फुले आणि त्यांच्या सोबतच्या नटमंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला होता, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. त्याची मी आपली खेडवळ आवृत्ती काढली. मालिकेतल्या चार जणांना बिनपैशाचं, फक्त जेवणावर आणलं (जेवण म्हणजे तांबडा-पांढरा, त्यामुळे फार आग्रह करावा लागला नाही). तिकिटं मंडळाच्या पोरांनी दारोदार विकली. जमलेल्या पैशांतून त्यांनी डिमर घेतला, मला न विचारता. मला दोन दिवस वाईट वाटत होतं.

7. सर्वांत उशिरा मला कॅलेंडर कळलं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बहुतेक बीडकडच्या. फडाशेजारी कोप्या पडतात आणि त्यांची मुलं शाळेच्या पटावर अर्धी इथं, अर्धी तिथं असतात. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्तीतल्या मुलांनी आपली नाटकं आपणच रचायची आणि आपणच करायची. ते वाचून मलाही स्फुरण आलं. या मुलांचा एक वर्ग सुरू केला. मी नेलेल्या राजा-राणीच्या संहिता त्यांनी फार सौजन्यानं बाजूला ठेवल्या. त्यांचं नाटक मुकादमाचं होतं. मुकादम करायला सगळेच तयार, कारण त्याला मोटारसायकल. एका नऊ वर्षांच्या मुलीनं आई केली. पहाटे उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून चढणारी आई, मोळी नव्हतीच, नुसती मान. त्या मानेकडे बघून मी वीस वर्षांत केलेल्या सगळ्या आया मनातल्या मनात मोडीत काढल्या.

प्रयोग एप्रिलमध्ये ठेवला, सुट्टी लागल्यावर, पाहुण्यांच्या सोयीनं. तारीख मीच दिली होती, शूटिंगच्या मधली. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळ्या दोन दिवसांत निघून गेल्या. मी मुंबईत होते. अण्णांचा फोन आला, "ताई, नाटक गेलं." मला वाटलं संहिता हरवली. चौदापैकी चौदा मुलं गेली होती. एप्रिलच्या त्या तारखेला पाहुणे आले, हार आले, मी आले. गावातल्या मुलांनी दुसरंच काहीतरी घाईनं बसवलेलं सादर केलं आणि भाषणात मी परिस्थितीला दोष दिला. हंगाम कधी संपतो हे आमच्या गावात पानपट्टीवाल्यालाही ठाऊक असतं. मी ऊस पिकवणाऱ्या घरात जन्मले आहे.

आता बालनाट्यांचे प्रयोग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असतात, शाळेच्याच हॉलमध्ये. त्या दिवसांत मला बहुधा शूटिंग असतं. जमलं तर मी येते, नाही तर नाही, माझ्यासाठी तारीख हलत नाही. टोळ्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे फडावर जायचं असतं म्हणून खेळ लवकर आटपतो आणि म्हणूनच भाषणं ठेवलेली नाहीत, आश्रयदात्याचंसुद्धा नाही. तुम्ही सांगलीच्या बाजूला असाल तर अवश्य या. मागच्या भिंतीजवळ बसा आणि ऐकू आलं तर हात वर करा. पहिली घंटा सव्वासहाला होते.