कॅन घेण्याआधी

राजाजीनगर, बेंगळुरू

चि. बंड्या यास,


रविवारी जेवून हात धुताना तू विचारलंस, "आत्या, माझ्या पोलो गाडीला ऑइल कॅच कॅन कोणता घेऊ?" मोबाइलवर तीन कॅनचे फोटोही दाखवलेस. तेवढ्यात पाहुणे आले आणि बोलणं अर्धवट राहिलं. तू व्हाइटफील्डला, मी इथे. एका गावात राहूनही भेटायचं म्हणजे दोन तास ट्रॅफिकमध्ये काढायचे. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणून रात्री ऑर्डर टाकली असतीस. म्हणून लिहिते आहे. पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो पैसे भरू नकोस.

त्या तीन कॅनपैकी कोणता चांगला, हे मला आज सांगता येणार नाही. तुझ्या इंजिनातून किती वायू निघतो, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही. आधी ते कळायला हवं.

आपल्या गावाकडचा ऊस वाहणारा जुना ट्रॅक्टर आठव. इंजिनाच्या बाजूनं एक नळी खाली सोडलेली असायची. तिच्यातून फसफस धूर निघायचा आणि ट्रॅक्टर उभा असायचा तिथली माती काळी व्हायची. तो इंजिनाचा ब्रीदर. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळत्या वायूचा थोडा भाग त्यांच्या फटीतून खाली उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि खाली खळबळणाऱ्या ऑइलचं धुकं मिसळतं. तो बाहेर पडला नाही तर क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतो. पूर्वी तो सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे मोटारींचा धूर आहे हे कळल्यावर कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून तो परत इंजिनात नेऊन जाळू लागले. आपल्याकडेही भारत स्टेजच्या चाचणीत क्रँककेसचा वायू बाहेर सुटलेला चालत नाही.

परत नेण्यातून तुझा प्रश्न उभा राहतो. वायूबरोबर ऑइलचं धुकंही इनटेकमध्ये जातं. तुझं टीएसआय इंजिन पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं. जुन्या गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पडायचं आणि ती धुतली जायची. तुझ्याकडे ती कोरडीच राहते, त्यामुळे तिथं पोचलेलं ऑइल तापून कार्बनचा थर धरतं. तो फार वाढला की अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या झोतानं मारून खरवडावा लागतो. शिवाय टर्बोपुढच्या इंटरकूलरला आतून ऑइलचा लेप बसला की हवा नीट थंड होत नाही, आणि मिश्रणात ऑइल गेलं की नॉकिंग लवकर सुरू होतं. रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवलेल्या गाडीला हे जास्त झोंबतं. कॅन एवढंच करतो: वाटेत वायूला थांबवतो, त्यातलं ऑइल खाली पाडतो आणि उरलेला वायू पुढे जाऊ देतो. कार्बनचा थर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपणाऱ्या ऑइलमुळेही धरतो, त्यामुळे कॅन लावला म्हणून व्हॉल्व्ह कायमचे स्वच्छ राहतील असं मानू नकोस.

आता मोजण्याचं. गाडी २०१४ ची, तू दुसऱ्या हाताची घेतलेली, लाखभर किलोमीटर झालेली. कंपनीनं ११९७ सीसीतून १०५ पीएस दिले होते आणि रिमॅपनं तू ते वाढवलेस. सिलिंडरमधला दाब वाढला की ब्लो-बायही वाढतो. रिंगा झिजलेल्या असतील तर कॅन आठवड्याला भरेल आणि तुला वाटेल, वा, किती छान काम करतोय. तो भरणं हे दुखण्याचं लक्षण असेल. तेव्हा पहिल्यांदा गॅरेजमध्ये लीक-डाउन टेस्ट करून घे. सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते मोजतात. चारही सिलिंडर साधारण दहा टक्क्यांच्या आत असले तर पुढचं बोलू. एखादा वीसच्या वर गेला तर कॅनचे पैसे रिंगांसाठी ठेव.

दुसरी तपासणी आपण दोघं मिळून करू. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घेऊन ये. तिच्या वळशात थोडं रंगीत पाणी भरायचं, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवायचं, दुसरं मोकळं ठेवायचं. तापलेलं इंजिन आयडलिंगवर असताना पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं ओढलं गेलं पाहिजे. ते उलट बाहेर ढकललं जात असेल, तर वायूची वाट आधीच कुठंतरी तुंबली आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. हे एकट्यानं करू नकोस. वायूच्या वाटेवरच्या झडपेतली पडदी फाटलेली असली तर ओढ एवढी असते की पाणी इंजिनात जाईल.

हे सगळं ठीक निघालं तर कॅन निवडू. वायू परत जाण्याच्या वाटा दोन असतात. पाय हलका असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो आणि तो वायू ओढून घेतो. तू पाय दाबलास, टर्बोनं मॅनिफोल्डमध्ये दाब भरला, की ती वाट झडपेनं बंद होते आणि वायू टर्बोच्या अलीकडच्या पाइपातून जातो. स्वस्त किटमध्ये बहुतेकदा पहिल्याच वाटेवर कॅन बसवतात. म्हणजे तू नंदीचा घाट पूर्ण जोरात चढतोस आणि इंजिन सर्वांत जास्त वायू सोडतं, त्याच वेळी कॅन रिकामा बसलेला असतो. उतरताना मात्र थ्रॉटल मिटलेला, व्हॅक्यूम भरपूर, तेव्हा पहिली वाट ऑइल ओढते. तुला दोन्ही वाटा सांभाळणारा, मधे चेक व्हॉल्व्ह असलेला कॅन हवा. आधी बॉनेट उघडून तुझ्या इंजिनाचे ते दोन पाइप कुठून कुठे जातात ते कागदावर काढ. ज्या विक्रेत्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस.

कॅनचं पोट उघडून बघता आलं पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरातल्या चिमणीचे बॅफल फिल्टर तू मला धुऊन दिले होतेस. फोडणीची वाफ वळत वळत पत्र्यावर आपटते, तेल पत्र्याला चिकटून खाली उतरतं. कॅनमध्येही तेच व्हायला हवं. मोठ्या पोटात वायूचा वेग पडला पाहिजे, पडद्यावर आदळून त्याला वळावं लागलं पाहिजे, आणि बारीक स्टीलच्या जाळीतून जाताना धुक्याचे कण एकत्र येऊन थेंब झाले पाहिजेत. तू दाखवलेल्या फोटोंतला तो निळा चकचकीत कॅन आतून नुसताच पोकळ वाटतो. एका तोंडानं आलेला वायू समोरच्या तोंडानं सरळ निघून जाईल. जाळी घट्ट बसवलेली हवी. कोणी भांडी घासायची तारेची घासणी कोंबायला सांगितलं तर ऐकू नकोस. तिचा एक तुकडा सुटला तरी टर्बोची पाती जातील.

नळीचं तोंड कॅलिपरनं मोज. मूळ पाइपाचा आतला व्यास १६ मिमी असेल आणि कॅनला १२ मिमीचं तोंड असेल, तर वाट ४४ टक्क्यांनी घटते. हे मी माझ्या गाडीवर शिकले. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पीन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजिन टेस्टिंगला होते, हात शिवशिवत होते. कॅन स्वतः वेल्ड केला, पण घाईत कूलंटची साधी रबरी नळी लावली, तीही बारीक. कूलंटच्या रबराला ऑइल सोसत नाही. ती फुगली, मऊ पडली आणि व्हॅक्यूमनं आत चिपटली. वायूची वाट बंद झाली, दाबानं क्रँकचं मागचं सील ढकललं आणि ते बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला. चूक सर्वस्वी माझी. तू ऑइलला टिकणारी, भिंत जाड असलेली नळी घे. जे. सी. रोडवर मिळते. तिचं प्रिंट वाच, दुकानदाराच्या शब्दावर राहू नकोस. नळीला मधे झोळ देऊ नकोस, झोळात ऑइल साचतं. कॅन टर्बोपासून लांब, वारा लागेल अशा थंड जागी, बॉडीला ब्रॅकेटनं घट्ट लाव.

कॅनवर छोटा फिल्टर बसवून वायू मोकळा सोडायचा सल्ला तुला नक्की मिळेल. तो घेऊ नकोस. बंद वाटेवर असा फिल्टर लावलास तर जास्तीची हवा आत जाईल आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकेल. पूर्ण वाटच बाहेर सोडलीस तर पेट्रोलचा वास एसीवाटे केबिनमध्ये येईल आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जाईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रिमॅपचं तू मला विचारलं नव्हतंस. आता कॅनचं विचारलं आहेस, तर विमा कंपनीलाही काय काय बदललंस ते कळव.

ट्रॅकची गोष्ट वेगळी. उद्या तू चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला गाडी नेलीस तर तिथल्या कॅनचं काम निराळं असतं. ऑइल ट्रॅकवर सांडून मागच्यानं घसरू नये, म्हणून तो असतो. एफआयएच्या नियमांत उघड्या ब्रीदरच्या गाडीला २००० सीसीपर्यंत किमान दोन लिटरचा आणि त्यावर तीन लिटरचा डबा लागतो, आतलं दिसेल असा. तुला रोज आउटर रिंग रोडवर जायचं आहे. अर्धा लिटर पुरे, पण खाली नळ आणि पातळी दिसायची सोय हवी. गाडीखाली सरपटावं लागलं की माणूस तो रिकामा करत नाही. तुला मी ओळखते.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या गारव्यात, पावसात वायूतली पाण्याची वाफ थंड कॅनमध्ये जमते. मग कॅनमध्ये ताक घुसळल्यासारखं पिवळट काहीतरी निघेल. घाबरू नकोस, ते पाणी आणि ऑइल मिसळलेलं असतं. फेसाळ पिवळट असेल तर पाणी जास्त, काळं आणि दाट असेल तर ऑइल. पेट्रोलचा उग्र वास आला तर मला लगेच फोन कर. ते पुन्हा इंजिनात ओतायचं नाही, गटारातही नाही. जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला दे.

पण पहिल्या वेळी देऊ नकोस. पाचशे किलोमीटर झाले की जे निघेल ते काचेच्या बरणीत भर, वर तारीख आणि किलोमीटर लिही, आणि रविवारी घेऊन ये. गवंड्याची नळी विसरू नकोस.

तुझी,
आत्या